‘अंगावरून जातंय’ म्हणजे काय?



शहाडच्या साहित्य संमेलनाला तुम्ही एका निवृत्त परिचारिकेला अध्यक्ष म्हणून बसवलंत, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. तीस वर्षं याच पट्ट्यात राबले. सेंच्युरी रेयॉन कारखान्यातल्या कामगारांच्या घरच्या बायका, उल्हासनगरच्या सिंधी सासवा-सुना, मोहन्याच्या आगरी बाया, मुरबाड रोडने येणाऱ्या कुणबी आणि कातकरी मुली, सगळ्या एकाच लाकडी बाकावर नंबर लावून बसायच्या. त्या बाकावर मी जी मराठी शिकले, तिच्याबद्दल आज बोलायचं आहे. आणि कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दलही, कारण माझ्या मते हे दोन विषय एकच आहेत.

एक प्रसंग सांगते. सातवा महिना लागलेली एक मुलगी दवाखान्यात आली. डॉक्टर नवे, परप्रांतातून आलेले, कामाला चोख. ती मान खाली घालून म्हणाली, “कालपासून अंगावरून जातंय.” त्यांनी शब्द ओळखले, ‘अंग’ कळलं, ‘जातंय’ कळलं. अंगातली शक्ती जातेय असं समजून त्यांनी ताकदीच्या गोळ्या लिहिल्या. दारात आयाबाईंनी तिच्या साडीकडे बघितलं आणि तिला तसंच रिक्षात घालून कल्याणला नेलं. बाई वाचली. बाळ गेलं.

डॉक्टरांची चूक नव्हती, असं मी त्या दिवशीही म्हटलं होतं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की आपल्या बायका रक्ताला रक्त म्हणत नाहीत. ‘दिवस गेले’ म्हणजे गर्भ राहिला. ‘दिवस भरले’ म्हणजे बाळंतपण जवळ आलं. ‘मोकळी झाली’, ‘सुटली’ म्हणजे बाळंत झाली. ‘पोर पोटात गप्प आहे’ हे ऐकलं की हातातलं काम टाकून धावायचं. लाज, भीती, सासूसमोर बोलायची चोरी, या सगळ्यातून बायकांनी ही भाषा घडवली. आपल्या साहित्यात तिला फार थोडी जागा मिळाली, याची मला खंत आहे.

आता यंत्राकडे येते. 2008 साली डॉ. अपर्णा हेगडे यांनी मुंबईत ‘अरमान’ ही संस्था सुरू केली. तिच्या ‘एममित्र’ उपक्रमात गरोदर बाईच्या मोबाइलवर, तिने निवडलेल्या वेळेला, फुकट फोन येतो आणि रेकॉर्ड केलेला आवाज त्या आठवड्यात काय जपायचं ते सांगतो. साधा फोन पुरतो, वाचता यावं लागत नाही. अडचण पुढची होती. काही बायका हळूहळू फोन घेईनाशा होतात. मोबाइल नवऱ्याच्या खिशात असतो, सिम बदलतं, बाळंतपणाला माहेरी गेल्यावर वेळ जुळत नाही. अशा बाईला माणसाने स्वतः फोन करून विचारलं तर ती परत ऐकू लागते. पण फोन करणारी माणसं मोजकी आणि बाया हजारो. मग कोणाला फोन करायचा?

गूगलच्या संशोधकांनी आणि ‘अरमान’ने मिळून सुमारे 23,000 बायकांचे तीन गट केले. एका गटाला असा जादा फोन नाहीच. दुसऱ्या गटात ओळीने एकीमागून एकीला. तिसऱ्या गटात यंत्र निवडेल तिला. 2022 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ओळीने केलेल्या फोनांनी म्हणावा असा फरक पडला नाही. यंत्राने निवडलेल्या गटात मात्र बायकांचं ऐकणं सुटण्याचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांनी कमी राहिलं. कोण गळणार एवढंच यंत्र बघत नव्हतं, कोणाला आत्ता फोन केल्याने फरक पडेल हे बघत होतं. पुढे ही पद्धत ‘सहेली’ या नावाने रोजच्या कामात आली.

हे वाचलं तेव्हा मला गहिवरून आलं. वॉर्डात फिरताना आम्ही हेच करायचो. शंभर घरं, हातात दुपारचे तीन तास. आज कोणाच्या दारात गेलंच पाहिजे? आम्ही ते अंदाजाने ठरवायचो आणि कधी कधी चुकायचो. त्या निवडीत यंत्राची मदत मिळते आणि फोन माणूसच करतो, ही वाटणी मला पूर्णपणे मान्य आहे.

पण ‘एममित्र’चा आवाज बोलतो आणि बाई ऐकते. आता जी यंत्रं येत आहेत, ती बाईचं बोलणं ऐकून उत्तर देणार आहेत. रात्री दोन वाजता, दवाखाना लांब, घरातले झोपलेले, आणि ती फोनला कुजबुजणार, “अंगावरून जातंय.” तिथे त्या डॉक्टरांसारखं होता कामा नये.

यावर उपाय आहे आणि तो महागडा नाही: यंत्राला आपल्या बायकांचं खरं बोलणं ऐकवायचं. 2020 साली मराठी आवाज गोळा करण्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खेड्यातले आणि शहरातले कमी कमाईचे लोक आणि विद्यापीठातले विद्यार्थी, मिळून 36 जणांनी 109 तासांचं रेकॉर्डिंग केलं. गरीब माणसांनी केलेलं काम विद्यार्थ्यांच्या तोडीचं निघालं. त्यांना या कामातून चार पैसे जोडता येतील, हाही त्या अभ्यासामागचा विचार होता. मात्र त्यांना वाक्यं लिहून दिली होती. मला त्यांची स्वतःची वाक्यं हवी आहेत.

म्हणून या संमेलनाकडे माझं एक मागणं आहे. आगरी, कुणबी, कातकरी, सिंधी वळणाची मराठी, या साऱ्यांतलं दुखण्याखुपण्याचं बोलणं आपण गोळा करू. बाईला आधी समजावून सांगायचं, तिचा होकार घ्यायचा, तिचं नाव कुठेही येऊ द्यायचं नाही, आणि तिच्या वेळेची मजुरी तिच्या हातात द्यायची, नवऱ्याच्या नाही. मजुरीशिवाय हे काम मी करू देणार नाही. बाईच्या शब्दावर कुणी यंत्र उभारणार असेल, तर तिचा रोज बुडता कामा नये. प्रत्येक शब्दाशेजारी त्याचा अर्थ लिहायचा आणि तो कोणत्या वेळी, कुणासमोर बोलला जातो तेही लिहायचं. हे शेवटचं काम लेखकाचंच आहे. तंत्रज्ञाला ते एकट्याने जमणार नाही.

मागच्या रांगेत आपल्या आशाताई, म्हणजे आशा सेविका, बसल्या आहेत. जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांच्याजवळ एक कोरी वही ठेवली जाईल. पहिल्या पानावर मी एक ओळ लिहून ठेवली आहे: ‘अंगावरून जाणे’. त्यापुढे दोन रकाने आखले आहेत. लाल जात असेल तर एक, पांढरं जात असेल तर दुसरा. तुम्हाला माहीत असलेले शब्द त्याखाली लिहा.