पोरगं कुठल्या संघात जाणार?

मागच्या रविवारी दाढी करायला म्हणून गावातल्या सलूनमध्ये जाऊन बसलो. आत पाच-सहा तरुण मंडळी होती आणि वाद मोठा रंगात आला होता. मला वाटले कांद्याचा भाव असेल, नाही तर सोसायटीची निवडणूक असेल. कान देऊन ऐकतो तो विषय निराळाच! पुण्याच्या संघाने कोणाला ठेवायला हवे होते, कोणाला उगीच सोडले, डाव्या कोपऱ्याला आता कोण उभा राहणार, आणि पाथर्डीकडचा एक उंच पोरगा चढाईला फार चांगला आहे, त्याला पुढच्या लिलावात कोण उचलणार. एक जण म्हणाला, "बघा, तेलुगूवालेच नेणार त्याला." दुसरा म्हणाला, "अरे, अजून दहावी झाली नाही त्याची!" ते ऐकून मी मात्र गप्प झालो. तो पोरगा माझ्या चांगल्या परिचयाचा आहे. त्याची गोष्ट पुढे येईलच.

तीस वर्षे शाळेत शारीरिक शिक्षण शिकवले. शिट्टी आणि चुन्याची पिशवी एवढेच माझे भांडवल. त्या वेळी गावाला कबड्डी आठवायची ती जत्रेत. आज घरोघरी दूरचित्रवाणीवर सामने दिसतात आणि आमच्या सलूनमधला न्हावी कोणत्या संघाकडे किती पैसे शिल्लक आहेत हेसुद्धा सांगतो. हे वाईट आहे असे मी म्हणणार नाही. ज्या खेळाला लोक हुतुतू म्हणून नाक मुरडत, त्याच्याविषयी एवढ्या बारकाईने बोलणे होते याचा मला आनंदच आहे.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी हा लिलावाचा प्रकार थोडक्यात सांगतो. प्रो कबड्डी लीग 2014 साली आठ संघांनिशी सुरू झाली. 2017 पासून संघ बारा झाले. हंगाम संपला की प्रत्येक संघ काही खेळाडू आपल्याकडे ठेवतो, बाकीचे सोडतो. सोडलेले आणि नवे असे सगळे लिलावात येतात. त्यांचे चार वर्ग पाडलेले असतात. 2023 च्या लिलावात पहिल्या वर्गाची बोली 30 लाखांपासून, दुसऱ्याची 20 लाखांपासून, तिसऱ्याची 13 लाखांपासून आणि चौथ्याची 9 लाखांपासून सुरू होत होती. 2014 च्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग खेळाडू होता राकेश कुमार, त्याला पाटण्याने 12 लाख 80 हजारांना घेतले. 2023 मध्ये पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सने 2 कोटी 60 लाख 50 हजार मोजले. नऊ वर्षांत वीस पट! आमच्या कांद्याला असा भाव कधी मिळाला असता तर गावात बंगलेच बंगले झाले असते.

मात्र लिलाव हे वरचे दार झाले. संघात शिरायला एक खालचे दारही आहे, आणि गावच्या पोरांसाठी तेच महत्त्वाचे. संघ आपापल्या माणसांकरवी नव्या, कोवळ्या खेळाडूंचा शोध घेतात, त्यांना सरावाला बोलावतात आणि लिलावाबाहेरच करार करून घेतात. आपल्या जिल्ह्याचा अस्लम इनामदार या वाटेने वर आला. लीगच्या आठव्या हंगामात तो पुणेरी पलटणकडून उतरला. 2023 मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. दहाव्या हंगामात तो पुण्याचा कर्णधार झाला, आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला हरियाणाला 28-25 असे हरवून पुण्याने पहिल्यांदा विजेतेपद मिळवले. नगर जिल्ह्याचा पोरगा कर्णधार! त्या रात्री आमच्या गावात फटाके वाजले, दिवाळी नसताना.

पुढच्याच हंगामात त्याचा गुडघा दुखावला. तो बाहेर बसला आणि पुण्याची गाडी घसरली. 2025 मध्ये तो परत कर्णधार म्हणून उभा राहिला, संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि दिल्लीकडून 28-31 असा हरला. सलूनमधली मंडळी विजेतेपदाचे बोलतात, गुडघ्याचे बोलत नाहीत. मी शिक्षक असल्यामुळे मला गुडघाच आधी आठवतो.

खरे म्हणजे भरतीची ही चर्चा आपल्याला नवीन नाही. जत्रेच्या इनामी सामन्यांत गावाच्या नावावर उतरणारा संघ कधी पाहिला आहे का आपण? सातांपैकी तीन गावचे, चार पाहुणे! कोणाचा भाचा, कोणाचा मेहुणा, आणि एक तर नात्याचाही नाही, गोत्याचाही नाही, नुसता चांगला पकड करणारा. सामन्याच्या आदल्या रात्री पुढारी मोटारसायकल घेऊन फिरायचे. पन्नास-पंचावन्न किलोच्या वजनी गटात पोरगा बसावा म्हणून दोन दिवस त्याला उपाशी ठेवल्याचे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पैलवानांचेही तसेच. कोल्हापूरच्या तालमीत पोरगा जायचा, गाव वर्गणी काढून त्याच्या खुराकाला दूध-बदाम पुरवायचे, आणि कोणत्या वस्तादाकडे पाठवावे यावर पारावर महिनाभर खल चालायचा. मुंबईच्या बँका, गिरण्या, रेल्वे, पोलीस यांनी तर कबड्डीपटूंना नोकऱ्या देऊन संघ उभे केले. एके काळी चांगल्या चढाईपटूच्या आईला भाव विचारायचा नसे, नोकरी कायमची आहे का एवढेच विचारायचे असे. माझ्या मते तो प्रश्न अजूनही पहिलाच आहे.

आता थोडे खेळाच्या बांधणीविषयी बोलतो, कारण तेथे आपली मंडळी नेहमी चुकतात. पोरगा चढाईला गेला, दोन गडी मारून आला, की सगळा गाव त्याच्या मागे. गुण मोजायला चढाई सोपी. पण संघ उभा राहतो तो कोपऱ्यांवर. डावा कोपरा आणि उजवा कोपरा पक्का असेल तर समोरच्याचा पाय आत पडत नाही. घोटा धरायला हिंमत लागते, आणि त्याहून जास्त लागतो धीर. हात आधी टाकला की गेला. मधल्या गड्याने साखळी न तोडता मागे सरकणे, समोरचा बोनस रेषेकडे झुकला की कोपऱ्याने एक पाऊल पुढे येणे, आणि आपले तीनच गडी उरले असताना घाई न करणे, हे काही दूरचित्रवाणीवर पटकन दिसत नाही. शाळेत शोध घेताना मी चढाई करणाऱ्या पोराकडे नंतर बघत असे. आधी बघायचो ते बाद होऊन बाहेर बसलेल्या पोराकडे. खेळ चालू असताना तो सामना बघतो आहे, की शेंगा खातो आहे? शिक्षक बंधूंनी हे करून पाहावे. पुष्कळ कळते.

दुसरी गोष्ट जमिनीची. आपली पोरे मातीत वाढतात. वरचे सामने मॅटवर, बूट घालून होतात. मातीत पाय थोडा सरकतो, मॅटवर तो चिकटून बसतो, आणि अंग मात्र वळते. वळण गुडघ्यावर येते. मातीतून थेट मॅटवर गेलेल्या पोराला पहिले काही महिने सवयीचेच असावे लागतात. जो शोधक माणूस हे सांगत नाही आणि पहिल्याच आठवड्यात पूर्ण जोराचा सामना खेळवतो, त्याच्या हाती मी तरी पोरगा देणार नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या हाताखालचा एक पोरगा एका बाहेरगावच्या संस्थेने नेला. राहणे, जेवण, शिक्षण सगळे फुकट असे सांगितले. कागद इंग्रजीत होता. वडिलांनी माझ्याकडे पाहिले, "गुरुजी, तुम्ही म्हणाल तसं." आणि मी तो कागद नीट न वाचता म्हणालो, करा सही. शाळेचे नाव होईल हा लोभ मलाही होता, कशाला खोटे बोलू? पोराचे नाव तेथे कोणत्याच शाळेत घातले गेले नाही. दहावी राहिली. दुसऱ्या वर्षी गुडघा फिरला. उपचाराचा खर्च कोणी करायचा हे त्या कागदात कोठेच नव्हते. तो परत आला. आज टेम्पो चालवतो, रस्त्यात भेटला की थांबून पाया पडतो. त्याने पाया पडण्यापेक्षा एखाद दिवशी दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

म्हणून परवा त्या पाथर्डीकडच्या पोराची आई माझ्याकडे आली तेव्हा मी सावध झालो. तिची अडचण निराळी होती. कुटुंब ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की कोयते घेऊन कारखान्याच्या गाडीत बसायचे, ते थेट उन्हाळ्यात परत. पोरगा सोळा वर्षांचा, उंच, लांब हातांचा, बापाच्या जोडीला फडात उभा राहणारा. नेमक्या हिवाळ्यातच स्पर्धा आणि सराव. एका अकादमीचा माणूस येऊन गेला होता. ती म्हणाली, "गुरुजी, पोरगं गेलं तर एक कोयता कमी पडतो. उचल तर घेऊन बसलोय आम्ही. नाही पाठवलं तर उद्या पोरगं म्हणंल, आईनं माझं वाटोळं केलं. काय करू सांगा."

मी तिला विचारले, "तो माणूस काय म्हणतो?"

"म्हणतो, दोन वर्सांत टीव्हीवर दिसंल."

"आणि शाळेचं?"

"शाळेचं काही बोलला नाही."

मग आम्ही दोघे ओट्यावर बसलो आणि मी तिच्या धाकट्या मुलीकडून वहीच्या पानावर प्रश्न लिहून घेतले. पोराचे नाव कोणत्या शाळेत घालणार? दाखला आम्ही देतो, पण तिकडच्या मुख्याध्यापकांचे पत्र आधी यायला हवे. दुखापत झाली तर दवाखाना कोणता, पैसे कोणाचे? करार किती वर्षांचा, आणि पोराला परत यायचे असेल तर दंड आहे का? कागद मराठीत मिळेल का? जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर आहे तीच राहणार ना? हा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम घातला. वय दोन वर्षांनी कमी दाखवून पोरांना लहान गटात खेळवणारे लोक आहेत, आणि पकडला जातो तेव्हा शिक्षा पोराला होते.

ती मुलगी लिहिता लिहिता म्हणाली, "गुरुजी, मला पण कबड्डी येती." बरोबर आहे, ती चांगली खेळते. 2023 मध्ये हांगचौला आपल्या मुलींनी चिनी तैपेईला 26-25 असे एका गुणाने हरवून सुवर्ण आणले. पण मुलींसाठी 2016 साली तीन संघांचे लहानसे सामने घेऊन पाहिले गेले, त्यापलीकडे मुलांइतका पैसा मुलींच्या कबड्डीत काही आला नाही. सलूनमध्ये बसून तिच्या भवितव्यावर कोणी वाद घालत नाही. तिला शालेय स्पर्धा आहेत, चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गट आहेत, पुढे सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के राखीव जागा आहेत. त्या वाटेवर प्रमाणपत्र जपून ठेवावे लागते. किती पोरींची प्रमाणपत्रे पत्र्याच्या पेटीत उंदरांनी खाल्ली ते मला ठाऊक आहे. शिक्षक भगिनींना माझी विनंती, प्रमाणपत्राची एक प्रत शाळेत ठेवत जा.

तो माणूस पुन्हा आला तेव्हा आईने वहीचे पान त्याच्या पुढे धरले. त्याने वाचले, थोडा हसला, आणि म्हणाला, वरच्यांना विचारून सांगतो. तो कंटाळून जाईल असे मला वाटले होते. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. तिकडच्या शाळेचे पत्र मिळेल, कागद मराठीत करून देऊ, दवाखान्याचे मात्र अजून ठरायचे आहे. मी म्हटले, ते ठरू द्या, मग बोलू.

मुकादमाशीही बोललो. उचलीतले एका कोयत्याचे पैसे पुढच्या हंगामात फेडून घ्यायला तो तोंडी तयार झाला आहे. तोंडी म्हणजे किती खरे, ते दिवाळीला कळेल.

पोरगा सध्या रोज पहाटे शाळेच्या मैदानावर येतो. चढाई मी बंदच केली आहे त्याची. महिनाभर फक्त डावा कोपरा. तो कुरकुरतो, "गुरुजी, लोक चढाई बघतात." मी म्हणतो, बघू दे. काल त्याने पहिल्यांदा हात न टाकता तीस सेकंद थांबून दाखवले. समोरचा रिकामा परत गेला, आणि बाद होऊन बाहेर बसलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.