वीजबाजार आणि आपली गच्ची

(रौप्यमहोत्सवी समारंभात सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि माझ्यानंतर लगेच भोजन आहे, हे दोनदा बजावलंय. त्यामुळे वेळ पाळतो. विषयही त्यांनीच दिला : पंचवीस वर्षांत वीज कशी बदलली. मी आधी वीज मंडळात आणि मंडळाचे भाग झाल्यावर महापारेषणमध्ये नोकरी केली, एवढंच माझं भांडवल. शेवटी मला एक कबुलीही द्यायची आहे. ती जुन्या सभासदांना आठवत असेलच.

आपली सोसायटी आणि आजचा वीजबाजार जवळजवळ एका वयाचे आहेत. महाराष्ट्र वीज नियामक आयोग १९९९ साली स्थापन झाला आणि त्यानंतर वर्षभरात आपली नोंदणी झाली. त्याआधी आपल्या भागात वीज म्हणजे मंडळ. वीज तयार करायची मंडळाने, तारांवरून आणायची मंडळाने, बिलही मंडळाचंच. दर ठरवताना युनिटाला खर्च किती येतो यापेक्षा निवडणूक किती जवळ आहे, हे जास्त पाहिलं जायचं.

त्या काळातला एन्रॉनचा धडा विसरता येत नाही. १९९३ साली दाभोळच्या प्रकल्पाशी करार झाला, १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. करारातली मेख अशी होती की वीज घ्या अगर न घ्या, प्रकल्प तयार ठेवल्याचे पैसे द्यायचेच. मंगल कार्यालय बुक केल्यावर लग्न मोडलं तरी भाडं द्यावं लागतं ना, तसंच. या पैशाला ‘स्थिर आकार’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग २००३ चा वीज कायदा आला. वीजनिर्मितीसाठी परवाना घेण्याची अट साधारणपणे गेली. कुणीही औष्णिक केंद्र उभारावं, पवनचक्की लावावी, गच्चीवर पॅनेल टाकावीत. मोठ्या ग्राहकाला दुसऱ्याकडून वीज विकत घेऊन त्याच तारांवरून आणायची मुभा मिळाली. ६ जून २००५ ला मंडळाचं विभाजन झालं : महानिर्मिती वीज तयार करणार, महापारेषण ती वाहून नेणार आणि महावितरण ती घरोघर पोचवणार. बाजार खुला झाला खरा, पण तुमच्या-माझ्या दारापर्यंत तो पूर्ण आला नाही. मुंबईतल्या काही भागांत घरगुती ग्राहकाला वीजकंपनी बदलता येते. पुण्यात आपल्याला तशी निवड नाही. आपल्या हातात निवड आहे ती गच्चीची. तिच्याकडे येतोच.

कायदा झाला, पण वीज कुठे होती? २००५-०६ ची भारनियमनाची वर्षं आठवा. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की वॉचमन किल्ली घेऊन धावायचा. जिन्यात मेणबत्त्या असायच्या आणि परीक्षेच्या दिवसांत मुलं पार्किंगमधल्या इमर्जन्सी दिव्याखाली बसायची. आपण तिसऱ्या विंगच्या रंगाचं काम पुढे ढकलून लिफ्टसाठी बॅकअप घेतला तो तेव्हाच.

त्यातून पुण्याने एक वाट काढली आणि ती देशात ‘पुणे पॅटर्न’ म्हणून गाजली. शहरातल्या कारखान्यांकडे स्वतःचे जनरेटर होते, पण ते डिझेलवरचे आणि महाग, म्हणून एरवी बंद असायचे. उद्योगांची संघटना सीआयआय, आपल्या पुण्यातलीच ‘प्रयास’ ही अभ्यासू संस्था, महावितरण आणि आयोग यांच्या चर्चेतून २००६ च्या जूनमध्ये योजना लागू झाली. टंचाईच्या तासांत कारखान्यांनी आपले जनरेटर चालवायचे, त्यामुळे वाचलेली वीज शहराला द्यायची आणि डिझेलचा जादा खर्च जास्त वापर असलेल्या ग्राहकांनी बिलातून द्यायचा. कमी वापराच्या घरांना त्याची झळ नव्हती. पुण्यातलं भारनियमन थांबलं. मला त्यातली गंमत पुढे कळली. संध्याकाळी सात वाजताचं युनिट आणि दुपारी दोनचं युनिट या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे या शहराने वीस वर्षांपूर्वीच मान्य केलं होतं.

२००८ मध्ये देशात वीज एक्स्चेंज सुरू झालं. तिथे दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग करतात आणि प्रत्येक भागाचा भाव वेगळा निघतो. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर ते सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी एकजीव झालं. एक देश, एक ग्रिड झालं ते आपल्या सोलापुरात. राजस्थानातलं ऊन आणि तमिळनाडूतला वारा आता एकाच तारेवर आहेत.

या बाजाराची रीत समजून घ्यायला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जा. आवक वाढली की कोथिंबिरीची जुडी मातीमोल होते आणि पाऊस लागला की तीच जुडी डोळ्यांत पाणी आणते. वीज कोथिंबिरीसारखी आहे, कारण ती टिकत नाही. ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी वापरावी लागते. सौरऊर्जेने नेमकं काय केलं? दुपारी अकरा ते तीन आवक प्रचंड वाढवली. एक्स्चेंजवर त्या वेळी भाव कोसळतो. सूर्य मावळला की सगळ्यांचे दिवे, टीव्ही आणि एसी एकदम सुरू होतात, सौरवीज मात्र शून्य. उन्हाळ्यातल्या कित्येक संध्याकाळी भाव युनिटाला १० रुपयांच्या ठरवून दिलेल्या कमाल मर्यादेला टेकतो.

तुम्ही विचाराल, सौरवीज इतकी स्वस्त तर आमचं बिल का उतरत नाही? रास्त प्रश्न आहे. पहिलं कारण, देशातली बहुतेक वीज अजूनही लांब मुदतीच्या करारांनी घेतली जाते. जुन्या कोळशाच्या केंद्रांचा स्थिर आकार, म्हणजे ते कार्यालयाचं भाडं, वीज कमी घेतली तरी द्यावंच लागतं. दुसरं, संध्याकाळसाठी ती केंद्रं लागतातच. आणि तिसरं, जे कारखाने महाग दर देऊन शेतकऱ्याचं आणि लहान घराचं बिल हलकं करत होते, तेच बाहेरून वीज घेऊ लागले किंवा स्वतःची पॅनेल लावू लागले. २०२२ च्या केंद्राच्या नियमांनी हरित वीज बाहेरून घेण्याची मर्यादा १ मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली. कायद्याने त्यांचं काही चुकलं नाही. पण तारांचा आणि खांबांचा खर्च तेवढाच राहतो. तो मग उरलेल्यांच्या माथी येतो.

धोरणाने चांगलंही झालंय. आपल्या जिल्ह्यात जुन्नर-आंबेगावकडे शेताला पाणी द्यायला रात्री जावं लागायचं, कारण पंपाला वीज रात्रीची. वर बिबट्याची भीती आणि पायाखाली विंचू-सापाची. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावच्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची, असं ठरलं आहे. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांतला हा सर्वांत शहाणा निर्णय. दुपारची स्वस्त वीज दुपारीच वापरली जाते आणि शेतकरी रात्री घरी झोपतो.

आता साठवणीचं. कांदा टिकवायला कांदाचाळ असते. विजेची कांदाचाळ पाहायची तर अकोले तालुक्यातल्या घाटघरला जा. तिथे दोन धरणं आहेत, एक वर आणि एक खाली. वीज जास्त असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं. टंचाईच्या वेळी ते खाली सोडायचं आणि २५० मेगावॅटपर्यंत वीज मिळवायची. असे प्रकल्प आता आणखी होत आहेत, आणि मोठ्या बॅटऱ्याही येत आहेत.

घाटघर इतक्या लांब जायची तरी काय गरज? आपल्या डोक्यावर गच्चीत पाण्याची टाकी आहेच! ती वीज परत देणार नाही हे खरं, पण वीज वापरायची वेळ आपल्याला निवडू देते. आपले पंप पहाटे सहाला आणि संध्याकाळी सातला चालतात. का? कारण पंचवीस वर्षांपूर्वी पहिल्या वॉचमनच्या ड्यूटीच्या वेळा तशा होत्या. तेच पंप दुपारी बारा ते तीन चालवले तर पाणी तेवढंच चढेल, पण सगळ्यांत महाग वेळ टळेल. आयोगाच्या २०२५ च्या दर-आदेशात सकाळी ९ ते संध्याकाळी ५ हे ‘सौर तास’ धरले आहेत. त्या आदेशावर फेरविचार झाला आणि प्रकरण कोर्टातही गेलं, त्यामुळे दर वर-खाली होतील. पण दिशा बदलणार नाही. यापुढे बिलावर ‘किती युनिटं’ इतकंच ‘किती वाजता’ यालाही महत्त्व येणार.

आता माझी कबुली. काही वर्षांपूर्वी वार्षिक सभेत गच्चीवर सोलर बसवायचा ठराव आला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या होत्या, ‘मग आमचे पापड-कुरडया वाळवायच्या कुठे?’ सगळे हसले. त्यानंतर मी उभा राहिलो आणि म्हणालो, ‘थांबा, पॅनेल स्वस्त होतील. शिवाय सूर्याच्या भरवशावर इमारत चालत नाही.’ मी विजेच्या खात्यातला माणूस, म्हणून माझ्या शब्दाला वजन आलं आणि ठराव पडला. पॅनेल स्वस्त झाली हे खरं. पण लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे अशा समाईक वापराचा आपला मीटर एकच, त्यामुळे त्याची बहुतेक युनिटं सर्वांत वरच्या स्लॅबमध्ये पडतात. तेव्हापासून दर महिन्याला तो वरचा दर आपण सगळ्यांनी मेंटेनन्समधून भरला. त्या दिवशी मी हिशेब मांडलाच नव्हता. तीस वर्षांच्या सवयीने बोललो होतो. आजींचा प्रश्न माझ्या भाषणापेक्षा जास्त व्यवहारी होता. त्याला उत्तरही होतं : सांगाडा आठ फूट उंच घेतला की खाली पापड वाळतात.

येत्या वार्षिक सभेत हा विषय पुन्हा येतोय. तेव्हा चार गोष्टी सांगतो.

पहिली, आधी वॉटरप्रूफिंग, मग पॅनेल. वरच्या मजल्यावरच्यांच्या छतातून पाणी गळत असताना त्यांच्याकडे मत मागायला जाऊ नका.

दुसरी, १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि वर्षभराची सरासरी दिवसाला चार युनिटं पडते. पावसाळ्यात कमी, एप्रिल-मे मध्ये जास्त. फेब्रुवारी २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या समाईक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. घरागणिक आकडा लावून भुलू नका, समाईक मीटरचा वर्षाचा वापर बघून क्षमता ठरवा. नेट मीटरमध्ये ३१ मार्चला उरलेल्या युनिटांना किरकोळच भाव मिळतो.

तिसरी, लाइट गेली की साधी सोलर यंत्रणाही बंद पडते. हा बिघाड नव्हे. खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव त्यामुळे वाचतो. ते बटण ‘जुगाड’ करून चालू ठेवायचं कुणीही सुचवू नये.

चौथी, इलेक्ट्रिक गाड्या. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर सगळ्यांनी एकदम प्लग लावला तर आपणच सात वाजताची गर्दी वाढवू. घरी असणाऱ्या गाड्या दुपारी आणि बाकीच्या मध्यरात्रीनंतर, असा नियम पहिल्या चार्जिंग पॉइंटबरोबरच करा. नंतर नियम करताना भांडणं होतात.

एक शेवटचं. पॅनेल लागली की ‘आम्हाला आता महावितरणची गरज नाही’ असं कुणी म्हणू नये. रात्री लिफ्ट चालणार ती त्याच तारेवर. त्या तारेचा खर्च आपल्याकडे धुणं-भांडी करणाऱ्या ताई आणि गेटवरचे वॉचमनकाका हेही आपल्या बिलातून देतात, आणि त्यांच्याकडे गच्ची नाही. म्हणून स्थिर आकारावर कुरकुर करताना तेवढं ध्यानात असू द्या. आणि सोलरने जे पैसे वाचतील, त्यातला पहिला खर्च वॉचमनच्या केबिनमध्ये पंखा आणि चांगला दिवा लावण्याचा असावा, अशी माझी सूचना आहे. इतिवृत्तात लिहून घ्या.

टाकीच्या वेळा बदलायला मात्र ठराव लागत नाही, अनुदान लागत नाही. टायमर उद्या सकाळी लावता येईल. मी स्वतः शिडी धरायला येतो.

पंधरा मिनिटं झाली. आमटीचा वास येतोय.