वाफ गेली कुठे?

जुहूच्या विमानतळावरून पवन हंसची हेलिकॉप्टरं ओएनजीसीच्या माणसांना घेऊन मुंबई हायकडे निघतात, ती आपण जाता-येता पाहतो. १९७४ साली सागर सम्राट या ड्रिलिंग रिगने तिथे तेल शोधलं. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर असलेलं हे तेल पातळ आहे, त्याला वर यायला वाफेची गरज नाही.

पण राजस्थानच्या वाळवंटात, बाघेवालाला, तेल आहे ते थंडीत थिजलेल्या खोबरेल तेलासारखं. ऑइल इंडियाने तिथे विहिरीत वाफ सोडून ते पातळ करायला घेतलं. मेहसाण्याजवळ बालोलला तर १९९० पासून खडकात हवा सोडून, थोडं तेल जमिनीखालीच जाळून उरलेलं तापवतात.

वाफेला इंधन लागतं आणि पाणीही, तेही वाळवंटात! एवढं करून ती मिळेल त्या सोप्या वाटेने पळाली, तर बरंचसं तेल थंडच राहतं. विहिरीत तापमान मोजलं तरी ते त्या विहिरीपुरतंच कळतं. मधल्या जमिनीत काय चाललंय?

तिथे कंपनं कामाला येतात. जमिनीला हादरा द्यायचा, खालच्या थरांवरून परतणारा प्रतिध्वनी जिओफोन नावाच्या उपकरणांनी टिपायचा. काही महिन्यांनी त्याच जागी पुन्हा तेच करायचं आणि दोन्ही नोंदींतला फरक काढायचा. तेल तापलं की ते साठलेल्या वाळूतून कंपनांच्या लाटा सावकाश जातात. स्टॅनफर्डच्या अमोस नूर यांनी १९८०च्या दशकात हे प्रयोगशाळेत दाखवलं. वाफ भरली की वेग आणखी घटतो, आणि तिच्याखालच्या खडकाचा प्रतिध्वनी काही मिलिसेकंद उशिरा येतो.

सुमात्रातल्या दुरी तेलक्षेत्रात १९९०च्या दशकात वाफेच्या विहिरीभोवती अशी पाहणी पुनःपुन्हा झाली. गंमत म्हणजे काही जागी प्रतिध्वनी आधी लवकर आला. उष्णता पोहोचण्यापूर्वीच दाब पोहोचला होता, त्याने वायूचे बुडबुडे पुन्हा तेलात विरघळले आणि लाटांचा वेग वाढला. वाफेची चाहूल वाफेच्या आधी!

यात सगळी मदार काटेकोरपणावर. जिओफोन थोडे सरकले, पावसाने माती भिजली, वाळूची टेकडी हलली, तरी खोटा फरक दिसतो. आणि वाफ सोडण्यापूर्वीची पहिली पाहणी राहून गेली, तर ती नंतर कितीही पैसे मोजून करता येत नाही. म्हणून बाघेवालासारख्या ठिकाणी नव्या भागात वाफ सोडण्याआधीच हा खर्च करावा, असं मला ठामपणे वाटतं.