वय झालं तरी खेळ मोडू नये
(दिंडीच्या शताब्दी मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या दिंडीला 100 वर्षं पूर्ण झाली. मंडळी मला म्हणाली, महाराज, तुम्ही जुन्या आठवणी सांगा. आता जुन्या आठवणी सांगायला ज्याला उभा करतात, त्यानं ओळखावं की आपलं वय झालं.

वय झालेलं शेतकऱ्याला बांधावर कळतं. कालपर्यंत ज्या बांधावरून उडी मारून जात होतो, तिथं आज हात टेकून उतरावं लागतं. पाण्याचं दार मोडायला वाकलो की उठताना विठ्ठलाचं नाव आपोआप तोंडात येतं. त्याला कुणी भक्ती म्हणू नये, ते गुडघ्याचं काम आहे. आणि वारकऱ्याला वय कळतं दिवे घाटात. पुणं ते सासवड हा माउलींच्या वाटेवरचा सगळ्यांत लांबचा टप्पा. पाय आधीच भरलेले, त्यात पुढं घाट उभा. तरुणपणी हा घाट आम्ही टाळ वाजवत, मध्येच फुगडी घालत चढून जायचो. आता दर वळणाला थांबतो आणि मागच्याला सांगतो, "तुम्ही व्हा पुढं, मी जरा पालखी बघतो." पालखी बघायची असते हे खरंच, पण दमही घ्यायचा असतो.

आमच्या लहानपणी खेळाला पैसा लागत नव्हता. बाभळीचा फाटा तोडला की विटी आणि दांडू दोन्ही तयार. वकट, लेंड, मुंड करत मोजायचं आणि मोजताना भांडायचं. वडाच्या पारंब्यांवर सूरपारंब्या. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून विहिरीत ढकललं की झालं पोहणं शिकून. सुगी सरली की मोकळ्या रानात चांदण्यात आट्यापाट्या. राखेनं पाट्या आखायच्या, एकेका पाटीवर एकेक गडी, आणि उभ्या सूरपाटीवर सगळ्यांत चपळ गडी. शेवटची पाटी ओलांडून लोण घेऊन परत आला, त्याला दुसऱ्या दिवशी गावात मान.

आमच्या पाट्यांवर आम्ही नऊ जण होतो. त्यातले आज चौघं उरलो. एकाला दिसत नाही, एक मुलाकडं मुंबईला, दोघं इथं तुमच्यासमोर आहोत. मला वाटायचं, आपल्याला त्या खेळाची आठवण येते. तसं नव्हतं. आठवण येते ती गड्यांची. माझे पाय उद्या पहिल्यासारखे झाले, तरी मी पाटीवर कुणाला हाक मारू?

काही मंडळी म्हणतात, महाराज, कीर्तनकारानं खेळाचं काय सांगावं, नामाचं सांगावं. त्यांनी तुकोबारायांचा गाथा उघडून बघावा. फुगडी, हमामा, विटीदांडू, हुतूतू, चेंडूफळी, या सगळ्यांवर महाराजांचे अभंग आहेत. नाथमहाराजांनी तर फुगडी भारुडात घेतली. संतांनी खेळ टाकून द्या असं सांगितलं नाही. तोच खेळ देवापुढं आणून ठेवला. म्हणून वारीत सत्तर वर्षांची आजी फुगडीला हात पुढं करते आणि सून तिचा हात धरते. घरात असं होतं का? वारीत होतं.

रिंगण तर तुम्ही सर्वांनी पाहिलेलं आहे. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, पुढं गोल रिंगणं. पताकावाले धावतात, तुळशीवाल्या धावतात, विणेकरी, टाळकरी धावतात आणि मग अश्व. अश्व गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड. नंतर पालखीभोवती टाळकऱ्यांच्या उड्या. त्या उड्यांत मी पुष्कळ वर्षं होतो. वेळापूरच्या अलीकडच्या टेकडीवरून धावा करताना माझ्यापुढं कुणी गेलेलं मला चालत नव्हतं.

दोन वर्षांमागं निघायच्या आदल्या दिवशी नातू म्हणाला, "आबा, औंदा तुम्ही ट्रकमधनं चला. सामानाबरोबर पुढं मुक्कामाला पोचाल." पोरगं मायेनं बोललं. पण मला झोंबलं. मी म्हणालो, "बाळा, मी सामान नव्हे." रात्रभर झोप लागली नाही. तेव्हा पडल्या पडल्या मला हुतूतू आठवला.

हुतूतूत काय असतं? गडी बाद झाला की आपण म्हणतो, मेला. मेलेला गडी रेषेबाहेर बसतो. घरी जात नाही. का जात नाही? कारण आपला गडी समोरच्याला मारून परत आला, की बाहेर बसलेला उठतो. पुन्हा जिवंत होतो. त्याला स्वतःच्या जोरावर उठता येत नाही, दुसऱ्याच्या दमावर उठता येतं. म्हणून बाहेर बसलेलाच सगळ्यांत मोठ्यानं ओरडतो, कुठं पाय टाक, कोण मागनं येतोय ते सांगतो.

मंडळी, म्हातारपण ही रेषेबाहेरची जागा आहे. तिथं बसून दोन गोष्टी करता येतात. एक, तोंड फिरवून रडत बसायचं, आमच्या वेळेला असं होतं न् तसं होतं. दुसरी, डोळे खेळावर ठेवून आपल्या गड्याला सांगत राहायचं.

मी त्या वर्षी चाललो. जिथं पाय थकले तिथं ट्रकमध्ये बसलोही. ट्रकमध्ये बसण्यात काही कमीपणा नाही, माउली सगळ्यांचीच आहे. पण रिंगणाच्या दिवशी मी माझे टाळ नातवाच्या गळ्यात घातले आणि माझ्या जागेवर त्याला उभा केला. त्याच्या आधी आठ दिवस मुक्कामाला हरिपाठ झाला की त्याला पावली शिकवत होतो. कान पखवाजाला, डोळे विण्याला, आणि पाय टाळाबरोबर. आधी पोरगं लाजायचं. मग त्याच्याबरोबरची आणखी चार आली. रिंगणात त्यांनी उडी घेतली तेव्हा मी कडेला काठी टेकून उभा होतो. खरं सांगतो, माझ्या गुडघ्यात कळ नव्हती.

आपण म्हणतो, पोरं मोबाईलमध्ये असतात, रिंगणात नाचायचं सोडून फोटो काढतात. अहो, ज्याला पावली येत नाही तो फोटोच काढणार. ती त्याला दाखवायची कुणी? पावली पुस्तकात नाही. ती पायातून पायात जाते. आपले पाय चालतायत तोवर दिली तर गेली, नाहीतर ती आपल्याबरोबर चंद्रभागेला जाईल.

म्हणून या शताब्दीला माझी दिंडीला विनंती आहे. दर एकादशीला देवळात भजनाआधी अर्धा तास पोरापोरींना पावली, फुगडी, हुतूतू शिकवावं. शिकवायला साठीच्या पुढची माणसं बोलवावीत. वाटेवर थकलेल्या माणसाला ट्रकमध्ये जागा द्यावी, पण मुक्कामाला काम पण द्यावं. आणि म्हाताऱ्यांनो, तुम्हालाही हात जोडतो. जागा अडवून धरू नका आणि जागा सोडून घरीही जाऊ नका.

ज्यांनी 100 वर्षांमागं ही दिंडी काढली, त्यांतलं आज कुणी नाही. पण आपला गडी रिंगणात उतरला की ते सगळे उठतात, अशी माझी श्रद्धा आहे. उद्या आम्ही नसू. तेव्हा आम्हाला उठवणं तुमच्या दमावर आहे.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम, पंढरीनाथ महाराज की जय.