स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया : भीती आणि विश्वास

(माता-पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी मला बाजूला घेऊन विचारले, ‘मास्तर, मेळाव्यात हा विषय बरा दिसेल का?’ आपल्याकडे या रोगाचे नाव चारचौघांत घेत नाहीत. ‘तिला जरा गाठ आली आहे’ एवढेच म्हणायचे, तेही कुजबुजत. वास्तविक भारतातील स्त्रियांमध्ये आज सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे. तेव्हा विषय बरा दिसो वा न दिसो, तो आपल्या उंबरठ्याच्या आत आलेला आहे.

मी डॉक्टर नाही, शाळेत इतिहास शिकवतो. परंतु चार वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीवर ही शस्त्रक्रिया झाली आणि त्या काळात मी तिच्यासोबत होतो. पहिल्यांदा ज्या रुग्णालयात गेलो (नाव सांगण्याचे कारण नाही), तेथील डॉक्टर दहा मिनिटे माझ्या मेहुण्यांशी बोलले. आपा शेजारीच स्टुलावर बसलेली. तिच्याकडे पाहून ते फक्त एकदाच बोलले, ‘काळजी करू नका.’ त्या रात्रीपासून तिची झोप उडाली. शरीर तिचे, गाठ तिची, आणि चर्चा मात्र सगळी पुरुषांची! ‘तिला उगाच घाबरवायला नको’ ही त्यामागची भावना असते, हे मला मान्य आहे. पण माणूस न कळलेल्या गोष्टीलाच अधिक भितो. आपण सांगितले नाही, तर रिकामी जागा तिचे मन भरून काढते, आणि मन कधी कमी भयंकर चित्र काढत नाही.

इतिहासाचा शिक्षक आहे, म्हणून दोन जुने दाखले देतो. फॅनी बर्नी नावाच्या इंग्रज लेखिकेवर ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये ही शस्त्रक्रिया झाली. शस्त्रवैद्य होते नेपोलियनच्या सैन्यातील प्रसिद्ध लारे. त्या काळी भूल नव्हती; ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया जगाला दाखवली गेली ती १८४६ साली, बोस्टनमध्ये. दिवस कोणता हे बाईंना आधी सांगितलेले नव्हते. अवघ्या काही तासांची सूचना मिळाली आणि काळ्या पोशाखातील सात पुरुष घरात शिरले. पुढे हा सारा अनुभव तिने आपल्या बहिणीला सविस्तर पत्राने कळवला. लारे यांचा चेहरा शेवटी तिच्याइतकाच पांढरा पडला होता, हेही तिने नोंदवले आहे. त्यानंतर ती आणखी अठ्ठावीस वर्षे जगली.

दुसरा दाखला अमेरिकेतला. विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली : संपूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी, सगळे एकदमच काढायचे. पाऊणशे वर्षांहून अधिक काळ जगभर तीच रूढ होती. आपल्या आजी-मावश्यांनी पाहिलेली खोल गेलेली छाती आणि सुजलेला हात ही त्याच शस्त्रक्रियेची देणगी. पुढे अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांनी शेकडो स्त्रियांवर वर्षानुवर्षे तुलना करून पाहिली. वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. गाठ लहान असेल तर ती भोवतालच्या थोड्या भागासह काढून नंतर रेडिएशन दिले, तरी स्त्रिया संपूर्ण स्तन काढलेल्यांइतक्याच जगतात, असे ठरले. सगळ्यांनाच हे लागू पडत नाही; गाठ मोठी असेल, एकाहून अधिक असतील, तर पुष्कळदा पूर्ण स्तन काढावा लागतो. पण तेव्हाही आता छातीचे स्नायू सहसा राखतात. तात्पर्य, तुमच्या मनात जी भीती आहे ती पुष्कळदा आजच्या शस्त्रक्रियेची नसून आजीच्या काळातल्या शस्त्रक्रियेची असते.

आता विश्वासाविषयी. आपाला आम्ही नंतर मिरजेला दाखवले. तेथील सर्जनांनी मेहुण्यांना बसायला सांगितले आणि खुर्ची आपाकडे वळवली. केसपेपरच्या मागे पेनाने आकृती काढून कोठे छेद घेणार, काय काढणार, काय ठेवणार हे दाखवले. ‘तुम्हाला काय विचारायचे आहे?’ म्हणाले. आपा बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘भाकरी कधी थापता येईल?’ आम्हाला हसू आले; डॉक्टरांना आले नाही. त्यांनी गंभीरपणे सांगितले की हात हळूहळू हलवायला दुसऱ्या दिवसापासूनच सुरुवात करायची, भाकरी महिना-दीड महिन्याने, पाण्याची भरलेली कळशी त्याहून उशिरा. काखेच्या आतल्या बाजूस बधिरपणा येईल, कदाचित तो कायमचा राहील, हेही सांगितले. मग मेहुण्यांनी विचारले, ‘डॉक्टरसाहेब, ही पूर्ण बरी होईल ना?’ त्यावर ते म्हणाले, ‘ते आज सांगता येणार नाही. काढलेली गाठ आणि काखेतील ग्रंथी तपासून आल्या की सांगेन.’ मेहुण्यांचा चेहरा उतरला. आपाने मात्र बाहेर येताच सांगितले, ‘ऑपरेशन यांच्याकडेच करायचे.’

मला तिचे म्हणणे फार मोलाचे वाटते. हजार वर्षांपूर्वी स्पेनमध्ये, कॉर्डोबाजवळ, अबुल कासिम अल-झहरावी हे थोर शस्त्रवैद्य होऊन गेले. शस्त्रांच्या आकृत्यांसह त्यांनी लिहिलेला ‘अल-तसरीफ’ पुढे लॅटिनमध्ये जाऊन युरोपात कित्येक शतके अभ्यासला गेला. स्तनातील गाठ लहान व नवी असेल तर ती समूळ काढावी, पण जुनी आणि मोठी झालेली असेल तर तिला हात लावू नये, असे सांगून ते पुढे लिहितात की अशी वाढलेली गाठ आपल्याला एकदाही बरी करता आलेली नाही. आपल्या विद्येची हद्द दाखवणारा हा माणूस! ‘शंभर टक्के बरी करून देतो’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘इथपर्यंत मला माहीत आहे, यापुढे नाही’ म्हणणाऱ्याच्या हाती सुरी देणे अधिक सुरक्षित, असे मला वाटते. (आज मोठ्या गाठीवरही इलाज आहे. आधी औषधांनी ती लहान करून मग शस्त्रक्रिया करतात.)

तेव्हा भगिनींनो, प्रश्न विचारा, आणि स्वतः विचारा. शाळेची एक वही घ्या, पानावर एक प्रश्न लिहा आणि खाली उत्तराला जागा सोडा. माझा स्तन वाचवता येईल का, नसेल तर का नाही? काखेतील सगळ्या ग्रंथी काढणार की पहिल्या एक-दोन तपासून ठरवणार? शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः करणार का? खर्च किती, सरकारी योजनेत बसतो का? तपासणीच्या वेळी परिचारिका किंवा घरची बाई जवळ हवी असेल तर तसे सांगा. लाजून तपासणीच टाळणे परवडणारे नाही. एखादे डॉक्टर वैतागले तर लगेच ते वाईट ठरत नाहीत, बाहेर ऐंशी माणसे खोळंबलेली असतात. दुसऱ्यांदा विचारून पाहा. तरीही उत्तर नसेल तर दुसऱ्या सर्जनाचे मत घ्यावे. त्यात आठ-दहा दिवस गेले तर बहुधा बिघडत नाही. बिघडते ते महिनोन्‌महिने घरगुती लेप लावत बसल्याने. सुई टोचली की रोग फैलावतो, ही समजूत तर साफ चुकीची आहे. त्या तपासणीवाचून उपचारांची दिशाच ठरत नाही.

भुलेची भीती सर्वांनाच असते. भूलतज्ज्ञ इंजेक्शन देऊन निघून जात नाहीत. शेवटपर्यंत नाडी, रक्तदाब आणि रक्तातील प्राणवायू पाहत तेथेच असतात. त्यांच्यापासून काही लपवू नये : दमा, मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी, हलणारा दात, आणि हो, मिशरी. आपल्याकडे मिशरी लावणाऱ्या बायका सासऱ्यासमोर नाही म्हणतात, तशाच डॉक्टरांसमोरही म्हणतात! तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो.

शस्त्रक्रियेच्या दिवशी तुम्हाला नाव आणि बाजू, उजवी की डावी, तीन-चार वेळा विचारतील. ‘यांना एवढेही माहीत नाही?’ असे वाटून काही जणी घाबरतात. उलट हीच खबरदारी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली यासाठी एक तपासणी-सूची तयार केली. दिल्ली, अम्मान, मनिला, लंडन आदी आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा निरनिराळ्या शस्त्रक्रिया मिळून मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले.

आदल्या रात्री उपाशी राहायचे म्हणून काही जणी संध्याकाळपासूनच पाणीही सोडतात. हा रोजा नव्हे. साधारणपणे जेवण सहा तास आधी आणि साधे पाणी दोन तास आधी थांबवतात. तुमच्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळ पाळा. झोप येत नसेल तर परिचारिकेला सांगा, त्यावर गोळी असते. दुआ करणाऱ्यांनी दुआ करावी. जागे झाल्यावर काखेजवळ एक नळी आणि तिला जोडलेली बाटली दिसेल. ती साचणारे पाणी काढण्यासाठी असते, काही दिवसांनी निघते. आधी सांगितले नाही तर ती पाहूनच बाई रडू लागते.

आणि भेटीला येणाऱ्यांसाठी एक विनंती. अमुकच्या चुलतीला हेच झाले होते आणि ती सहा महिन्यांत गेली, ही कथा कृपा करून खाटेशेजारी सांगू नका. मिरजेला एका दुपारी अशा तीन कथा ऐकल्यावर आम्ही दारात माझ्या भाच्याला बसवले. तो अकरावीत होता. येणाऱ्याला तो म्हणायचा, ‘अम्मी झोपली आहे,’ आणि आतून आपा वहीतला पुढचा प्रश्न लिहीत असायची.