वास आला म्हणजे पाणी स्वच्छ?

आमच्या बचत गटाने शेतातल्या पर्यटन केंद्रावरचा पोहण्याचा तलाव चालवायला घेतला, तेव्हा आम्हाला वाटायचं, क्लोरीनचा उग्र वास म्हणजे औषध जास्त झालं. म्हणून वास आला की आम्ही टाकणंच थांबवायचो. आठवड्यात पाणी हिरवं आणि मुलांचे डोळे लाल!

खरं उलटं होतं. घाम आणि लघवी क्लोरीनशी मिसळली की तो वास येतो, म्हणजे क्लोरीन कमी पडतंय. आता आम्ही सकाळ-संध्याकाळ तपासणी संचाने बघतो. लिटरमागे 1 ते 3 मिलिग्रॅम क्लोरीन हवं आणि सामू 7.2 ते 7.8. हो, माती परीक्षणात असतो तोच सामू. तो 8 च्या वर गेला, की क्लोरीन असूनही जंतू लवकर मरत नाहीत. ऊन क्लोरीन खातं, म्हणून आम्ही ते दिवस मावळल्यावर टाकतो. पाहुण्यांनाही आधी अंघोळ करायला सांगतो, कुणी तोंड वाकडं केलं तरी.

एकीने टीसीएलच्याच बादलीत सामू उतरवायचं ॲसिड ओतलं होतं. विषारी वायू निघाला, तिला रात्रभर खोकला. तेव्हापासून दोन्हींच्या बादल्या वेगळ्या आणि खोल्याही वेगळ्या.