कमी करणे म्हणजे नेमके काय?



इंग्रजीच्या तासाला मुले शब्दार्थ पाठ करतात. 'रिड्यूस' म्हणजे कमी करणे. 'कट' म्हणजे कापणे, कमी करणे. 'कर्टेल' म्हणजे कमी करणे. 'प्रून' म्हणजे छाटणे, म्हणजे पुन्हा कमी करणेच. परीक्षेपुरते एवढे चालून जाते. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाऊ लागले, तेव्हा अशी शब्दार्थांची वही आता खेड्यापाड्यांतही घरोघरी दिसते. पण या चारही शब्दांचा अर्थ एकच असता, तर इंग्रजी माणसाने चार शब्द कशाला बाळगले असते?

याचे उत्तर कोशात शोधण्याआधी आपल्या शिवारात शोधू या. कारण कमी करण्याच्या कामासाठी सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याजवळ इतकी क्रियापदे आहेत, की ती मोजायला बसले तर तास संपेल. आणि त्यांत तो कधी गल्लत करीत नाही.

तासगावकडची द्राक्षबाग घ्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. त्या वेळी जुनी काडी अगदी एकदोन डोळ्यांपर्यंत मागे घेतात. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते. तेव्हा पिकलेल्या काडीवर डोळे मोजून ठेवतात. पुढे फेलफुटी काढतात, शेंडा मारतात, आणि घड धरल्यावर मण्यांची विरळणी करतात. पाहा, बागेतून प्रत्येक वेळी काहीतरी कमीच केले. पण कोणी बागाईतदार 'मी बाग कमी केली' असे म्हणेल काय? छाटणी ही पुढच्या फुटीसाठी असते, आणि विरळणी ही राहिलेला मणी फुगावा म्हणून असते. इंग्रजीत पहिलीला 'प्रूनिंग' म्हणतात, दुसरीला 'थिनिंग'. आता माणदेशात या. धनगर मेंढीची लोकर कातरतो, ती 'शिअर' करणे. कुंपणाची मेंदी कातरून नुसती सारखी करायची, ती 'ट्रिम' करणे. 'ट्रिम'मध्ये आकार नीट होतो, वस्तूला धक्का लागत नाही. 'प्रून'मध्ये धक्का लागतो, पण तो झाडाच्या भल्यासाठी.

आता गुऱ्हाळावर चला. काहिलीत रस उकळतो, मळी निघते, रस आटत जातो. एक टन उसापासून साधारण 100 ते 120 किलो गूळ पडतो. इतके वजन गेले, पण गोडी गेली का? उलट ती दाट झाली. या आटवण्याला इंग्रजी स्वयंपाकघरात 'रिड्यूस' करणे असेच म्हणतात. हा शब्द लॅटिनमधून आला, आणि त्याचा मूळ अर्थ 'मागे नेणे, पूर्वस्थळी आणणे' असा आहे. म्हणून तर सरकलेले हाड जागेवर बसवले की डॉक्टरही 'फ्रॅक्चर रिड्यूस केले' असे म्हणतात. वहीतला 'कमी करणे' हा अर्थ तिथे लावून पाहा, म्हणजे विद्यार्थ्याची काय त्रेधा उडेल ते कळेल.

हळदीचे वेगळेच. शिजवून वाळवली की ओल्या हळदीचा साधारण पाचवा हिस्सा हातात येतो. ही घट. ती कोणी केली नाही, उन्हाने आपोआप झाली. पण तीच हळद पेठेत गेली आणि वजनातून कडता धरला, पट्टीतून हमाली-तोलाई वळती केली, तर ती वजावट. ती कोणीतरी केलेली असते, आणि कोणी व किती केली हे विचारण्याचा शेतकऱ्याला हक्क असतो. 'घटणे' आणि 'घटवणे' यांत एका 'व'चा फरक आहे, पण त्या 'व'मध्ये माणूस उभा आहे. इंग्रजीतही 'श्रिंक' आणि 'ड्विंडल' ही बहुधा आपोआप होणारी क्रिया असते. 'डिडक्ट' करायला मात्र कोणीतरी लागतो. 'डिक्रीज' दोन्हीकडे चालतो, म्हणून तो शब्द आला की जरा थांबून वाचावे.

शिक्षकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. 'कट' या एका धातूला पुढे छोटा शब्द जोडला की अर्थ पालटतो. झाड 'कट डाउन' केले म्हणजे बुडापासून तोडले. चहा 'कट डाउन' केला म्हणजे चार कपांवरून दोनावर आला. 'कट बॅक' म्हणजे मागे छाटले, पुन्हा फुटायला जागा ठेवून. वीज 'कट ऑफ' केली म्हणजे जोडणी तोडली. 'कट आउट' म्हणजे अजिबात वगळले. हे पाठ करून घेण्यापेक्षा मुलांना उसाच्या फडावर न्यावे. ऊस जमिनीलगत तोडतात, राहिलेले बुडखे छाटतात, आणि त्याच बुडातून खोडवा फुटतो. शेवटी मात्र तीच खोडकी उपटून रान मोकळे करतात. कुठले तोडणे पुन्हा वाढू देते आणि कुठले मुळावर येते, हा फरक ज्या मुलाने रानात पाहिला, त्याला 'कट'चे प्रकार वेगळे शिकवावे लागत नाहीत.

'कर्टेल' हा शब्द जुन्या काळी शेपूट छाटलेल्या घोड्यासाठी वापरत त्या शब्दावरून आला. म्हणून सभा, सुटी, सवलत, हक्क अशा मुळात पुऱ्या असलेल्या गोष्टी आखूड केल्या की 'कर्टेल' वापरतात. आपण सभा आटोपती घेतो, हात आखडता घेतो, आणि कायद्याच्या मराठीत हक्कांचा संकोच होतो. 'इकॉनॉमाइज' म्हणजे काटकसर. ती आपण आपल्या घरात आपल्या मनाने करतो. कपात मात्र वरून येते. घरच्या माणसाने पाण्याचा एक हंडा कमी वापरला तर काटकसर. नळ एक दिवसाआड आला तर पाणीकपात. हंडा दोन्हीकडे रिकामाच, पण निर्णय कोणाचा, हे शब्द सांगतो.

आता कोणी म्हणेल, हे शब्दांचे खेळ झाले. तसे नाही, बरे का. सातारा जिल्ह्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली, पुढे पुण्याच्या कारखान्यांत गेली. त्यांच्या हाती कधी इंग्रजी कागद पडला, की गावाकडे निरोप येई, 'कामावरून कमी केले.' पण कमी केले म्हणजे काय? 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 1953 साली दुरुस्ती झाली आणि दोन शब्दांच्या व्याख्या आल्या. 'ले-ऑफ' म्हणजे कच्चा माल, कोळसा, वीज अशा कारणाने मालक काही काळ काम देऊ शकत नाही. नाते तुटत नाही. अशा दिवसांसाठी, वर्षभर सेवा झालेल्या कामगाराला, काही अटींवर मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई ठरली. 'रिट्रेंचमेंट' म्हणजे नोकरी संपली; मग आधी नोटीस किंवा तिचा पगार, आणि पुऱ्या केलेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. आणि स्वखुशीने निवृत्ती घेतली असे लिहून दिले, तर त्या व्याख्येप्रमाणे ती 'रिट्रेंचमेंट' नव्हेच. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही हे दोन शब्द वेगवेगळेच ठेवले आहेत. वीस वर्षे राबलेल्या माणसाने सही करताना कोणता शब्द वाचला, यावर घरी काय येणार ते ठरते. तिथे वहीतला 'कमी करणे' हा अर्थ उपयोगी पडत नाही.

बागेतला शब्द माणसांना लावतात, तेव्हा तर अधिक जपावे. नोकरांची 'छाटणी' म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, झाडाच्या भल्याचे काहीतरी चालले आहे. असेलही. पण द्राक्षाच्या काडीला घरी जाऊन चूल पेटवायची नसते.

म्हणून गुरुजींना आणि बाईंना माझी विनंती आहे. असा कोणताही शब्द फळ्यावर लिहाल तेव्हा त्याखाली तीन प्रश्न लिहा. कमी कोण करतो? मागे काय उरते? आणि जे गेले ते पुन्हा फुटणार आहे का? मुलांना आपल्या घरचे, रानातले, पेठेतले क्रियापद शोधून आणू द्या, आणि मगच इंग्रजी शब्द त्याच्या शेजारी मांडा. छाटणे, कातरणे, विरळणे, आटवणे, वळते करणे, आखडणे, काटकसर, कपात – ही आपल्या घरचीच शिदोरी आहे.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनो, उद्या एखादे पत्र आले आणि शिकलेल्या मुलाने 'काही नाही, थोडे कमी केले आहे' एवढेच वाचून दाखवले, तर कागद बाजूला ठेवू नका. त्याला म्हणा, बाळ, इंग्रजीत शब्द कोणता आहे, तो पुन्हा एकदा नीट वाच.